दत्तक कुत्रं घरी आणताय? पहिले पंधरा दिवस घर कंटाळवाणं ठेवा

नाशिकमध्ये कुत्रं दत्तक घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो दिसतो, मुलं हट्ट धरतात आणि शनिवारी संध्याकाळी सहा-आठ महिन्यांचं एक गावठी कुत्रं मागच्या सीटवर थरथरत बसून घरी येतं. दारात औक्षणाचं ताट, आत शेजारची चार मुलं, व्हिडिओ कॉलवर पुण्याची मावशी. सगळ्यांना त्याला हात लावायचा असतो. ते सोफ्याखाली जाऊन बसतं आणि रात्री दहापर्यंत बाहेर येत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "हे माणूसघाणंच दिसतंय."

माणूसघाणं वगैरे काही नसतं, घाबरलेलं असतं. आमच्या घरी अशी बरीच कुत्री तात्पुरती राहून पुढे कायमच्या घरी गेली. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की नव्या कुत्र्याला सुरुवातीला प्रेमाची कमतरता कधीच पडत नाही, पडते ती शांततेची. तेव्हा पुढे जे काही सांगतो आहे त्याचं सूत्र एकच: पहिले पंधरा दिवस घरात काहीही घडू देऊ नका. रोज तेच जेवण, तीच वेळ, तोच रस्ता, तीच माणसं. कुत्र्याला कंटाळा आला तर उत्तमच, कारण घाबरलेल्या जीवाला कंटाळा येत नाही.

आणण्याआधी

घरातल्या प्रत्येकाचा होकार हवा, आणि होकार म्हणजे "बघू" नव्हे. आजींना देवघराची आणि सोवळ्याची काळजी असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. देवघर किंवा स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं अडसराचं फाटक लावलं की निम्मी भांडणं मिटतात. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या, शक्यतो लेखी. कामाच्या मावशींनाही विचारा. त्यांना कुत्र्याची भीती असेल तर त्या येण्याच्या वेळी कुत्रं कुठे असेल, हे तुम्ही ठरवायचं आहे.

वेळ निवडून आणा. दिवाळीच्या आधीचा आठवडा, गणपती, घरातलं लग्न, फरशीचं काम, हे सगळं टाळा. शुक्रवारी संध्याकाळी आणलं आणि पुढचे तीन-चार दिवस घरात कुणीतरी सलग असलं, तर फार सोपं जातं.

ज्यांच्याकडून आणताय त्यांना विचारायचे प्रश्न: आत्ता काय खातंय आणि किती वाजता, लसींचं कार्ड आहे का, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, नसबंदी झाली आहे का (कानाच्या टोकाचा त्रिकोणी तुकडा कापलेला असेल तर बहुधा झालेली असते), मुलांबरोबर आणि मांजरांबरोबर कसं वागतं, कशाला दचकतं. शिवाय त्याच्या अंथरुणातलं एखादं न धुतलेलं फडकं मागून घ्या. तो वास पहिल्या रात्री तुमच्यापेक्षा जास्त कामाला येतो.

घरात काय हवं

दुकानात गेलात तर यादी संपणार नाही. खरी गरज अशी: गळ्यातला पट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, अंगात घालायचा हार्नेस, दोन लीश (हातात धरायच्या दोऱ्या), स्टीलचे दोन वाडगे आणि चावायला दोन-तीन टणक रबरी खेळणी. महागडी गादी नको. दात शिवशिवण्याच्या वयात तिचा कापूस दोन दिवसांत हॉलभर होतो. गोणपाटावर जुनी गोधडी घातली की पुरे.

त्याचा कोपरा नीट निवडा. जिथून माणसं दिसतात पण जिथून कुणी ये-जा करत नाही, अशी जागा. हॉलचा भिंतीकडचा कोपरा चालतो, टेबलाखालची जागा तर फारच आवडते. गॅलरीत ठेवायचं मनातही आणू नका. उन्हाळ्यात नाशिकच्या गॅलऱ्या तापतात, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, आणि एकटं बसलेलं कुत्रं रस्त्यावरच्या प्रत्येक हालचालीवर भुंकायला शिकतं. जिन्याखाली कायम साखळीला बांधून ठेवणं तर सोडाच. आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता आहे.

मग घरभर गुडघ्यांवर एक फेरी मारा. हो, खरोखर रांगत. त्या उंचीवरून दिसतं की चार्जरची वायर लोंबते आहे, सिंकखाली उंदराच्या औषधाची वडी आहे, मच्छरची कॉइल कोपऱ्यात जळते आहे, चपलांचं स्टँड उघडं आहे आणि गॅलरीच्या गजांतून एक सडपातळ कुत्रं आरामात बाहेर पडू शकतं.

आणायचा दिवस

दत्तक कुत्री हरवण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो याच दिवशी आणि पुढच्या आठवडाभरात. गाडीचं दार उघडलं, हिसका बसला, पट्टा डोक्यावरून निसटला, संपलं. गावठी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असल्याने सैल पट्टा सहज निघतो. म्हणून एक लीश गळ्यातल्या पट्ट्याला, दुसरी हार्नेसला, आणि दोन्ही हातात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा.

स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. कार नसेल तर रिक्षा करा, चालकाला आधी सांगा, आणि कुत्र्याला पायाशी घ्या. निघायच्या आधी तीन तास पोटभर खायला देऊ नका. प्रवासात ते ओकणार, लाळ गाळणार, कदाचित शू करणार, म्हणून जुना टॉवेल बरोबर असू द्या.

घराशी पोचल्यावर थेट वर जायचं नाही. इमारतीच्या जवळची जी जागा पुढे रोजची शू-शीची ठरणार आहे, तिथे आधी घेऊन जा. पंधरा मिनिटं उभे राहा. बोलू नका, ओढू नका. शू केली की हळू आवाजात शाबासकी आणि एक खाऊ. मात्र लसी पूर्ण झालेल्या नसतील, तर जिथे भटकी कुत्री फिरतात त्या मातीवर त्याला सोडू नका. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. अशा वेळी सोसायटीच्या आतला स्वच्छ कोपरा किंवा गच्ची निवडा.

घरात लीशवरच आणा आणि खोल्या दाखवत फिरू नका. कोपरा, पाणी आणि अंथरूण एवढंच दाखवा. त्यानंतर तुम्ही तुमच्या कामाला लागा. भाजी निवडा, पेपर वाचा, टीव्हीचा आवाज कमी ठेवा. ते तुमच्याकडे बघत राहील. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघू नका. जवळ आलं तर हात खाली सोडून हुंगू द्या, मग छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोन सेकंद खाजवा आणि थांबा. त्याला आणखी हवं असेल तर ते सरकून जवळ येतं. नको असेल तर जातं, आणि जाऊ द्यायचं. डोक्यावरून हात फिरवणं, मिठी मारणं आणि वर उचलणं या तिन्ही गोष्टी आपल्याला लाड वाटतात. अनोळखी कुत्र्याला त्यात पकडल्यासारखं वाटतं.

औक्षण करायचंच असेल तर महिनाभराने करा. तोवर ते ताटाकडे शेपूट हलवत येईल आणि फोटोही बरा येईल.

पहिल्या दिवशी बहुतेक कुत्री जेवत नाहीत. वाडगा ठेवा, वीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळी पुन्हा ठेवा. हाताने भरवू नका, मागे मागे फिरू नका. पाणी पीत असेल आणि डोळे तरतरीत असतील तर दिवसभराच्या उपवासाने बिघडत नाही. पाणीही टाळलं, उलट्या झाल्या किंवा चोवीस तास उलटूनही तोंडात काही घेतलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा.

पहिली रात्र

दिवसभर गप्प असलेलं कुत्रं रात्री रडतं. "रडू दे, सवय होईल" हा सल्ला मला पटत नाही. कालपर्यंत ते इतर कुत्र्यांना चिकटून झोपत होतं. आज अंधाऱ्या हॉलमध्ये एकटं आहे. त्याचं अंथरूण पहिले काही दिवस तुमच्या पलंगाशेजारी टाका. रडलं की हात खाली सोडायचा, दिवा लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. मध्यरात्री एकदा उठून शूला न्या आणि सरळ परत आणा. तेवढ्यात खेळ सुरू केलात तर रोज अडीच वाजता खेळाची वेळ होईल. पुढे अंथरूण रोज थोडं थोडं दाराकडे सरकवत हॉलमध्ये नेता येतं. पलंगावर घ्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण जे ठरवाल ते सगळ्यांनी पाळा. आईने खाली ठेवायचं आणि मुलीने वर घ्यायचं, यात त्याला काय कळणार?

शू-शीचं वळण

या भागात लोक सर्वांत जास्त वैतागतात, खरं तर हे सगळ्यात सोपं आहे. अट एकच, घड्याळ तुमचं चालायला हवं. ढोबळ हिशेब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकतं. ही कमाल झाली. नव्या घरातल्या ताणात याच्या निम्म्यावर समजा. म्हणून सुरुवातीला जागेपणी दर दोन तासांनी बाहेर, शिवाय झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर. जागा तीच ठेवा. खाऊ तिथेच, लगेच द्या. घरी आल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी लिफ्टमधून वर आल्याबद्दलचा असतो.

घरात झालं तर नाक घासणं, ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं यातून ते इतकंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग पलंगामागे करतं आणि बाहेर नेलं तर तुमच्याकडे बघत धरून ठेवतं. तुमच्या डोळ्यांदेखत सुरू झालं तर टाळी वाजवून थांबवा आणि बाहेर न्या. नंतर सापडलं तर मुकाट्याने पुसा. फिनेलने मात्र पुसू नका. आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून ते पंजे चाटतं. आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी यांनी पुसा. पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते याहून चांगलं.

डॉक्टरांकडे

कुत्रं धडधाकट दिसलं तरी दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणा. लसींचं कार्ड न्या, आणि शक्य असेल तर सकाळच्या शीचा नमुनाही. कार्ड नसेल तर लसी नव्याने सुरू होतात. डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो वगैरेंची एकत्रित लस असते. लहान पिल्लांना ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात, मोठ्यांना किती डोस हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून, मग बूस्टर. ती चुकवायची नाही, यात घासाघीस नाही.

उलट्या, रक्ताची दुर्गंधीयुक्त शी आणि मलूल पडणं ही पार्वोची लक्षणं. ती दिसली तर "उद्या बघू" म्हणू नका, तासातासाला पिल्लू खचत जातं. घरात आधी पार्वोने एखादं पिल्लू गेलं असेल तर फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवा. साध्या फिनेलवर विसंबू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडींचा हंगाम. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत रोज हात फिरवून बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची. रॉकेल लावायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही. ताप, जेवण तुटणं, हिरड्या पांढरट पडणं किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर गोचीड तापाची रक्त तपासणी करून घ्या. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात तो आधीपासून असू शकतो. आणि माणसांचं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन हात लांब करून सहज मिळतं म्हणून देऊ नका, ते कुत्र्याला विष आहे.

कुत्र्याने घरातल्या कुणाला ओरखडलं किंवा चावलं, लस झाली आहे की नाही याची खात्री नसली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रेबीजची लस मिळते. हळद, चुना, मिरची यांचा काही उपयोग नाही.

नसबंदीचं डॉक्टरांशी याच भेटीत बोलून ठेवा, पण कुत्रं घरात रुळेपर्यंत थांबायला हरकत नसते.

द्राक्षं, कांदा आणि आपलं ताट

नाशिककरांना हा भाग नीट वाचायला हवा. ज्या दोन पिकांवर जिल्ह्याचं नाव चालतं, ती दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

द्राक्षं आणि त्यापासून होणारे बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल हे ठरलेलं नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडीच भोवतात. संशय त्यातल्या टार्टरिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून आंबट आमटीचा भातही नको. सुरुवातीला उलट्या आणि सुस्ती दिसते, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे धावायचं, ओकवायचं की नाही हे त्यांना ठरवू द्यायचं. जानेवारी ते एप्रिल या काळात विशेष सांभाळा. घरात पेटी येते, पाहुणे गंमत म्हणून द्राक्षं टाकतात, रस्त्याच्या कडेला टाकून दिलेले घड पडलेले असतात. शिऱ्यातले बेदाणे विसरू नका. मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी रस्त्याला फिरायला जात असाल तर बागेच्या फवारणीच्या टाक्या आणि डबकी यांतलं पाणी पिऊ देऊ नका.

कांदा आणि लसूण कच्चा, शिजवलेला, तळलेला, पूड केलेला, सगळाच वाईट. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी थकवा, फिकट हिरड्या आणि गडद लघवी दिसते, तेव्हा लोक उन्हाला दोष देत बसतात. मिसळीचा रस्सा, पावभाजी, कांद्याचा चिवडा, ग्रेव्हीत भिजवलेली पोळी हे सगळं यात आलं. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही वर्ज्य. शिजवलेली हाडं टोकदार तुकड्यांत फुटतात, ती देऊ नका.

मग द्यायचं काय? पहिला आठवडा ते आधीच्या जागी खात होतं तेच. नंतर सात दिवसांत हळूहळू नव्याचं प्रमाण वाढवा. कुत्र्यांसाठीचं चांगलं तयार खाद्य सगळ्यात सोपं. घरचं द्यायचं असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, लाल भोपळा, गाजर. पण नुसता चिकन-भात वर्षानुवर्षं देऊन चालत नाही, कॅल्शियम कमी पडतं, प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दूध-पोळीवर कुत्री जगतात हे खरं, वाढत्या वयाचं कुत्रं मात्र त्यावर हाडकुळं राहतं आणि बऱ्याच जणांना दुधाने ढाळ लागते. घर शाकाहारी असेल तर आधी बसून ठरवा: तयार खाद्य चालेल का, अंडं वेगळ्या भांड्यात उकडून चालेल का. हे कुत्रं आल्यावर भांडत ठरवण्यापेक्षा बरं. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा जेवण.

ते जेवताना वाडग्यात हात घालून "बघ कसं गुरगुरत नाही" असं दाखवू नका. रस्त्यावर ज्याने घास हिसकावला जाताना पाहिलं आहे, त्याच्या लेखी तो हात चोराचा. उलट जवळून जाताना वाडग्यात चिकनचा एक तुकडा टाकत जा. माणूस जवळ आला की वाढतं, कमी होत नाही, हे त्याला कळू द्या.

घंटागाडी आणि गल्लीतली टोळी

ज्या आवाजांकडे आपलं लक्षच जात नाही, त्यांनीच नवं कुत्रं दचकतं. घंटागाडीची गाणी, प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. घंटागाडी रोज ठरावीक वेळेला येते, हे आपल्या पथ्यावर पडतं. गाणं लांबून ऐकू येताच खाऊ द्यायला सुरुवात करा, गाडी गेली की खाऊ बंद. रोज तसंच. काही दिवसांत गाणं ऐकलं की ते दाराकडे पळण्याऐवजी तुमच्याकडे बघायला लागतं. हीच युक्ती कुकरला, मिक्सरला आणि पुढे ढोल-ताशालाही चालते, फक्त नाशिक ढोल सुरुवातीला फोनवर, अगदी बारीक आवाजात.

फिरायला आधी एकच छोटा रस्ता. गंगापूर रोडची संध्याकाळची गर्दी किंवा कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक पहिल्या पंधरवड्यात नको. सोमेश्वर, तपोवन, पांडवलेण्याचा पायथा महिन्याभराने. हुंगू द्या. दहा मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं अर्धा तास ओढत चालवलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त थकतं आणि शांत झोपतं. उन्हाळ्यात हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही.

प्रत्येक गल्लीत कुत्र्यांची टोळी असते आणि नवं कुत्रं त्यांच्या लेखी घुसखोर. रात्री उशिरा आणि भल्या पहाटे ती जास्त आक्रमक असतात, म्हणून उजाडल्यावर, रस्त्यावर माणसं असताना निघा. ती अंगावर आली तर पळू नका, कुत्र्याला उचलून डोक्यावर घेऊ नका. मध्ये स्वतः उभे राहा, ठाम आवाजात "हट्" म्हणा आणि तिरकं चालत बाहेर पडा. चार-आठ दिवस त्याच टोळीला एकटे जाऊन थोडं खायला घातलंत तर तुमचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. ही लाच आहे, पण चालते.

शहराच्या कडेला, मळ्यांजवळ किंवा उसाजवळ राहत असाल तर अंधार पडल्यावर कुत्रं अंगणात मोकळं ठेवू नका. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे, आणि तो भर वस्तीतही आल्याचं नाशिककरांनी पाहिलं आहे.

एकटं राहायला शिकवणं

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी हे सुरू करून उपयोग नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू करा. किल्ल्या उचला, चप्पल घाला, परत बसा. मग दार उघडून बाहेर जा आणि अर्ध्या मिनिटात आत या. मग दोन मिनिटं, मग पाच. जाताना "येते हं बाळा, शहाण्यासारखा राहा" असा निरोपसमारंभ नको, आल्यावर मिठ्याही नकोत. जाताना रबरी खेळण्यात दही-भात कोंबून गोठवलेला द्या, चाटायला वेळ लागतो आणि चाटल्याने कुत्रं निवतं. दिवसभर घर रिकामं राहणार असेल तर दुपारी येऊन बाहेर नेणारं कुणीतरी बघून ठेवा. आठ-दहा तास सलग एकटं ठेवायचं असेल तर तरुण कुत्रं घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा आठवडा: "हे असं नव्हतं!"

याच सुमारास फोन येतात. पहिले दहा दिवस देवासारखं होतं, आता चपला फाडतं, बेल वाजली की भुंकतं, हात धरतं, सोफ्यावरून उतरायला सांगितलं तर गुरगुरतं. बिघडलं का? नाही. आधी ते पाहुणं होतं, आता घरचं झालं. अनुभवी लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. भित्र्या कुत्र्यांना याहून बराच वेळ लागतो.

चावण्याचं वेगळं सांगायला हवं. सात महिन्यांपर्यंत पक्के दात येत असतात, हिरड्या शिवशिवतात. ओला फडका गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तो द्या. गार गाजरही चालतं. हाताला दात लागले की खेळ तिथेच थांबवून उठून जा, ओरडू नका. रात्री आठच्या सुमारास घरभर सैरावैरा पळत अंगावर येत असेल तर ते बहुधा जास्त थकलेलं असतं. या वयात दिवसातले चौदा-पंधरा तास झोप लागते, आणि माणसांनी भरलेल्या घरात ती मिळतेच असं नाही.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका, रागावूही नका. गुरगुरणं म्हणजे "थांब" हे सभ्यपणे सांगणं. ते बंद पाडलंत तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. त्याच्याही आधीच्या खुणा मुलांना शिकवा: उगाच जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली. यातलं काही दिसलं की हात मागे. झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याजवळ मूल जाणार नाही हा नियम मूल शहाणं असलं तरी पाळायचा. पाहुणे, शेजारची मुलं, दुसरी कुत्री यांची ओळख याच काळात, एका वेळी एक, अशी सुरू करा.

सोसायटी

सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे, लिफ्ट वापरण्याबद्दलही. पण तो कागद खिशातच ठेवा. चेअरमनना स्वतः जाऊन भेटा, लसींचं कार्ड दाखवा, लिफ्टमध्ये कुणाला भीती वाटत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा, आणि शी प्रत्येक वेळी, अपवाद न करता, जुन्या पेपरात उचला. भांडणं कायद्यावरून होत नाहीत, पार्किंगमधल्या शीवरून होतात. महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंद करून परवाना घ्या. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

पहिली दिवाळी

कधीही आणलं असेल तरी याची तयारी महिनाभर आधी सुरू करा. फटाक्यांचा आवाज फोनवर बारीक लावून त्याच वेळी जेवण द्यायचं आणि आवाज दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवायचा. फार घाबरणारं असेल तर डॉक्टरांकडून त्याच्यासाठीचं औषध आधीच लिहून घ्या, माणसांची झोपेची गोळी देऊ नका. त्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच उरका. आतली, खिडकी नसलेली जागा निवडून तिथे अंथरूण, पाणी आणि मोठ्याने पंखा किंवा कूलर. घाबरून जवळ आलं तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. दार उघडण्याआधी ते कुठे आहे हे बघा. फराळाला येणाऱ्यांसाठी दार सारखं उघडतं आणि नेमकी तेव्हाच कुत्री पळतात. म्हणून नंबरचा बिल्ला असलेला पट्टा त्या चार-पाच दिवसांत घरातही गळ्यातच असू द्या. सकाळी खाली नेताना अर्धवट जळलेले फटाके आणि दारू सांडलेली जागा टाळा, आणि घरी आल्यावर पंजे धुवा.